दळण होईपर्यंतचा बाजार

लिवा तुमी. माझं माहेर कापडे, ह्याच पोलादपूर तालुक्यातलं. भाताची खाचरं आमची, दोन्ही अंगाला डोंगर, आणि खायला भाकरी ती तांदळाची. गावात तेव्हा गिरणी नव्हती, म्हणून आई तांदूळ धुवायची, सावलीत वाळवायची, डब्यात भरायची आणि मला बरोबर घेऊन सकाळच्या एसटीनं पोलादपूरला यायची, डबा तिच्या डोक्यावर आणि तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत. मला वाटायचं पोलादपूर म्हंजे गिरणी, आणि बाकीची दुकानं आपली गिरणीच्या आजूबाजूला उगवलीत. आता हसू येतं, पण काय सांगू तुम्हाला, लहान पोरीच्या डोक्यात जे आलं ते ह्या एवढ्या मोठ्या शेठ लोकांच्या डोक्यात अजून नाय आलं.

मग त्याच गिरणीवाल्यांच्या घरात मला दिली. सासूनं मला बघितलं कुठं, तर तिथंच, दळणाच्या रांगेत. लग्नाला महिना झाला नाय तर माझ्या भुवया पांढऱ्या, केसांत पीठ, कानात पीठ, रात्री उशी झाडली तरी पीठ. मी रडायची. आमचे हे बोलायचे, अगो, लोकांना पोटासाठी पीठ लागतं, आपल्याला फुकट अंगाला मिळतंय तर रडतेस काय. असे ते व्हते. थट्टा करणारे. आता जाऊन बरीच वर्षं झाली त्यांना, दम्यानं गेले, आणि तेव्हापासून चक्की मीच चालवते. पट्टा बदलायचा, दगड झिजला की त्याला टाकी लावून घ्यायची, सगळं मीच बघते.

आता आमची रीत सांगते, म्हंजे पुढचं तुम्हाला कळंल. आमच्याकडं आधी तांदूळ दळायचा. आलेल्या सगळ्यांचा तांदूळ झाला की मग नाचणी. कारण नाचणी आधी टाकली की दगडाला धरते, मग पुढच्या बाईचं तांदळाचं पीठ काळपट येतं, आणि ती बाई घरी जाऊन भाकरी थापते आणि दुसऱ्या दिवशी येऊन माझं डोकं खाते. म्हणून नाचणी शेवटी. आणि नाचणी कोण आणणार, तर वरच्या वाड्यांवरच्या बायका, डोंगरातल्या, ज्या अंधारात उठून चालत खाली रस्त्याला येतात आणि मग एसटी धरतात. म्हंजे सगळ्यात लांबून येणार त्या, आणि सगळ्यात जास्त थांबणार त्याच. मला सुरवातीला वाईट वाटायचं. मी सासूला बोलले पण, की ह्यांना आधी सोडूया. सासू बोलली, सोडून बघ, जातील का त्या घरी. आणि खरंच नाय जायच्या हो. त्यांना थांबायचंच असायचं. घरातून निघायला बाईला कारण लागतं ना, दळण हे कारण. एकदा डबा रांगेत ठेवला, झाकणाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली ओळखायला, की दळण होईपर्यंत ती बाई मोकळी. कुणाची सून नाय, कुणाची सासू नाय.

आणि मग त्या बाजारात जायच्या. सुकट बघायच्या, चार ठिकाणी वास घेऊन एका ठिकाणी घ्यायच्या. बांगड्या भरायच्या. पोराला डॉक्टरला दाखवायच्या. सोनाराकडं मण्यांची दोरी गाठवायला टाकायच्या. बापूशेठ, समोरचा कापडवाला, आमच्या ह्यांचा दोस्त, त्याच्या दुकानात जाऊन नुसतं कापड चाचपायच्या. आज चाचपायचं, पुढल्या खेपेला चाचपायचं, आणि शिमगा आला की घ्यायचं. बापूशेठ चिडायचा, वहिनी, तुमची गिऱ्हाइकं माझी ठाणं मळवतात, आणि वरून तुमच्या पिठानं माझं काळं कापड पांढरं होतं. मी बोलायची, मग पांढरं म्हणून विका. पण शिमग्याला ठाणं संपायची त्याची, ते नाय बोलायचा.

आमच्या गिरणीपुढं दगडी ओटा हाय, बघितलात ना येताना. तसे ओटे तेव्हा बाजारात सगळ्या दुकानांना व्हते. बाजार झाला की बायका ओट्यावर बसायच्या, भाकरी सोडायच्या, पोराला पाजायच्या, पावसाळ्यात रानातली शेवळं नायतर करटोली घेऊन आलेली असंल ती तिथंच फडकं टाकून विकायची आणि त्याच पैशातून तिथंच काहीतरी घ्यायची. माझा माठ भरलेला असायचा. ओट्यावर दोन लग्नं जुळलेली मला माहीत हायत. एक मोडलेलं पण माहीत हाय. असा बाजार व्हता.

मग हायवे मोठा झाला. तो व्हायला पायजे व्हता, मी नाय म्हणत नाय, माझ्या समोर किती माणसं गेली त्या जुन्या रस्त्यावर. पण आधी कसं, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आंबेनळी घाट चढायच्या आधी इथं थांबायच्या, वडे खायच्या, पोरांसाठी उलटीची गोळी घ्यायच्या. आता गाडी कधी आली आणि कधी गेली, आपल्याला नुसता आवाज. हॉटेलवाले बसले. आणि हॉटेलवाले बसले म्हणून बाकीचे घाबरले, ज्यांचं त्या गाड्यांशी कधी काय नव्हतं ते पण घाबरले. मी सांगते ना तुम्हाला, महाबळेश्वरला जाणारा माणूस आयुष्यात कधी बापूशेठकडून परकर घ्यायला थांबला नव्हता. पण भीती अशी असते, शेजाऱ्याला ताप आला की आपलं अंग कोमट लागतं.

तर व्यापारी मंडळाची मिटिंग लागली, देवळात. बापूशेठ अध्यक्ष. तो उभा राहिला आणि बोलला की बाजार मागास राहिला हाय. गाडीवाल्या गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाय, गाडी लावायला जागा नाय, सगळीकडं ओटे, ओट्यांवर बायका, त्यांची बोचकी, मध्येच एसटी शिरते. तर ओटे काढायचे, एसटी नाक्यावरच थांबवायची, भाजीवाल्या बायकांना मागच्या मैदानात पाठवायचं, ब्लॉक बसवायचे, पार्किंग करायचं, मग बघा पुण्या-मुंबईच्या गाड्या कशा आत येतात. टाळ्या पडल्या. मी मागं बसले व्हते, उठले, बोलले, अरे, ज्या गाड्या येतील का नाय माहीत नाय त्यांच्यासाठी ज्या बायका रोज येतायत त्यांना का उठवताय? तर एक जण बोलला, काकी, तुमच्या पिठाचा तुम्हाला पुळका. हसले सगळे. मी पण त्या दिवशी धड बोलू शकले नाय, खोटं कशाला सांगू. मला एवढंच कळत व्हतं की हे चुकतंय, का चुकतंय ते मांडता आलं नाय. मी आपली नुसती ओरडले, आणि ओरडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं.

मंडळानं वर्गणी काढून, वरती खेटे घालून सगळं करून घेतलं. जेसीबी आला. एकेक ओटा काढला, दगड असे निघाले, खालची माती अशी ताजी, काळी. मला रडू आलं, खरंच. माझ्या ओट्याशी जेसीबी आला तर मी त्याच्यावर जाऊन बसले. बोलले, ही जागा आमच्या हद्दीत हाय, आणि मी पण इथंच हाय. वरून जेसीबीवाला बघतो, तर कापड्याचा, माझ्या चुलतभावाचा पोरगा. बोलला, आत्या, उतर गो, माझी नोकरी घालवशील. मी बोलले, तू उतर, जेवलास का? तर तो उतरला, ओट्यावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्लीन, आणि हात धुऊन बोलला, मला नाय जमत बाबा, आत्याचा ओटा, दुसऱ्याला पाठवा. दुसरा कोण आला नाय. म्हणून तेवढा राहिला, नाकासारखा पुढं.

मग ब्लॉक बसले, लाल आणि पिवळे. बाजाराच्या तोंडाला ती मोठी इंग्रजी अक्षरं लावली, आय लव पोलादपूर, मधी बदाम. तिथं आधी भाजीवाल्या बसायच्या. आता त्या बदामापाशी कोण फोटो काढतं म्हणता, तर चतुर्थीला आलेली आमचीच मुंबईची पोरं. आणि पार्किंग? काय सांगू तुम्हाला, हसावं का डोकं आपटावं. गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी जागा केली, आणि पहिल्याच दिवशी सकाळी सगळ्या दुकानदारांनी आपापल्या गाड्या आणून लावल्या! आधी चालत यायचे हो, घरं काय लांब हायत? पण जागा दिसली, लावल्या. दुकान उघडायचं, गाडी दारात लावायची, आणि दिवसभर आत बसून वाट बघायची की गिऱ्हाईक का येत नाय. बापूशेठची पांढरी गाडी तर महिनोन्‌महिने तिथून हलली नाय, वरती चिमण्यांनी रांगोळी घातली.

आणि बायका? एसटी नाक्यावर थांबायला लागली. तिथून डोक्यावर डबा घेऊन, कडेला पोर, तो सर्व्हिस रोड ओलांडायचा, हायवेखालच्या बोगद्यातून यायचं, पावसाळ्यात तिथं पाणी. म्हाताऱ्या आधी बंद झाल्या. मग लेकुरवाळ्या. मग एक दिवस माझ्या भावजयीचा कापड्यावरून फोन, वन्सं, मी घरघंटी घेतली, आता तुमच्याकडं यायची कटकट नाय, शेजारणींचं पण मीच दळते. माझ्याच माहेरात! माझ्याच वहिनीनं! मी बोलले, बरं केलंस गो, आणि फोन ठेवून भिंतीकडं बघत बसले. तिच्यावर काय रागवू. तिची चूक नाय. पण घरघंटी नुसतं पीठ देते, बाजाराला जायचं कारण नाय देत. दळण घरात आल्यावर बायका घरात राहिल्या, आणि बायका घरात राहिल्यावर सुकटवालीचं बसलं, बांगडीवाल्याचं बसलं, सोनाराचा मुलगा महाडला नोकरीला लागला, आणि चाचपायला कोण नाय म्हणून बापूशेठची ठाणं घडीवर पिवळी पडली.

माझी बहीण दासगावला दिलीय, सावित्रीच्या काठाला. त्यांचा बाजार महाड. तिथं पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माळ्यावरचा माल गेला लोकांचा, चिखल काढता काढता हात सोलले. मी गेले व्हते बहिणीला बघायला. आणि मी डोळ्यानं बघितलं, चिखल अजून पायरीला हाय, आणि बायका बाहेर उभ्या, दुकानदार भिजलेल्या साड्या दोरीवर टाकतोय आणि ह्या तिथंच भाव करतायत. म्हंजे पाण्यानं बुडालेला बाजार उठला, कारण माणसं यायची थांबली नाय. आमच्याकडं पाण्याचा थेंब नाय आला हो. आमी कोरड्यात बुडालो, तेही वर्गणी काढून.

माझा मुलगा नितीन मुंबईकडं, दिव्याला असतो, कुरिअरमध्ये. तो मला फोनवर बोलतो, आई, पोलादपूरची किती पार्सलं जातात आमच्या गोदामातून तुला सांगितलं तर चक्कर येईल, तुझ्या बापूशेठची सून पण मागवते. चांगला हाय हो मुलगा, माझी काळजी करतो. गेल्या चतुर्थीला आला तेव्हा गिऱ्हाईक घेऊनच आला, गिरणीच्या गाळ्याला. मोबाईलचं दुकान टाकणारा माणूस. तो बोलला, मावशी, जागा मस्त हाय, फक्त पुढचा ओटा काढायला लागेल, शटर पुढं घेऊ. नितीन बोलला, आई, दिवसाला चार डबे येतात, त्यासाठी तू पीठ खातेस छातीत, बाबांचं काय झालं विसरलीस का, चल माझ्याकडं. खरंच बोलत व्हता. मी बोलले, शिमग्यापर्यंत थांब. का थांब बोलले मला माहीत नाय. घर सोडताना माणूस उगाच एक दिवस पुढं ढकलतो ना, तसं.

मंडळाची पुन्हा मिटिंग झाली. आता सगळे बोलतात, एसटी परत आत आणा. मी हात जोडले. तर कळलं, आता रस्ते एकेरी झालेत, बस वळवायला जागा नाय, कारण वळायच्या जागेवर पार्किंग हाय. बरं, पार्किंग काढा. तर कोण तयार नाय. ज्याची त्याची गाडी. मी बोलले, मेल्यांनो, बसा मग.

आणि त्या रागात, रागातच, मी एक हातगाडी आणली. ताराबाय म्हणून वरच्या वाडीवरची, माझ्या वयाची, नाचणीवाली, तिला निरोप धाडला की सगळ्याजणी नाक्यापर्यंत या, पुढं डबे मी नेते. सकाळची एसटी आली की मी नाक्यावर हातगाडी घेऊन उभी. सगळ्यांचे डबे गाडीवर, आणि बायका मोकळ्या हातानं मागनं. गुडघे बोलतात माझे. नितीनला कुणीतरी फोटो पाठवला, त्याचा फोन, आई, लोक हसतायत, हमालासारखी गाडी ओढतेस. मी बोलले, हसू दे, त्यांना दुसरं काम काय हाय. खरंच सांगते, मी गिऱ्हाइकं ओढून आणायची आणि दुकानदार गल्ल्यावर बसून मोबाईल बघायचे. एकानं उठून हात लावला नाय.

मग परवा काय झालं. गाडी घेऊन मी आत आले तर बापूशेठच्या पांढऱ्या गाडीच्या बाजूला कुणीतरी टेम्पो लावलेला, मधनं हातगाडी जाईना. मागं बायका, एकीच्या कडेला पोर किंचाळतंय. मी तिथनंच ओरडले, बापूशेठ, गाडी काढा! तो चावी घेऊन आला. चालू करतो, होत नाय. पुन्हा करतो, नाय. एवढे दिवस उभी, बॅटरी मेली तिची. घामाघूम झाला. बोलला, वहिनी, मेकॅनिकला बोलावतो महाडवरनं. मी बोलले, तोपर्यंत माझी नाचणी कोण दळणार? तर ताराबायनं पदर खोचला. बोलली, बसा शेठ आत, नुसतं चाक सांभाळा. आणि सगळ्या बायकांनी त्या गाडीला हात लावला. बापूशेठ आत बसलेला, दोन्ही हातांत स्टिअरिंग, तोंड लाल, आणि ह्या ढकलतायत, हसतायत, ओरडतायत, एक जण बोलते, अगो, शेठला सासरी धाडतोय आपण! अख्खा बाजार बाहेर आला. सुकटवाली आली, सोनार आला, आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत पार त्या आय लव पोलादपूरच्या बदामापाशी नेऊन उभी केली. मी पोट धरून हसले. हे गेल्यापासून एवढी हसले नव्हते मी.

आणि मग बघा, गाडी गेली तिथं एवढी मोठी जागा झाली, त्या जागेत बायका उभ्या राहिल्या दम खायला. दम खाता खाता एक सुकटीकडं वळली. ताराबाय बापूशेठच्या दुकानात शिरली आणि परकराचं कापड चाचपायला लागली. बापूशेठ घाम पुसत आला, मला वाटलं आता चिडणार. तर स्टूल पुढं केलान तिला बसायला. मी दारातनं बघत व्हते, चक्की चालू, आणि माझ्या छातीत काहीतरी भरून आलं, पीठ नव्हे.

त्याच दुपारी नितीनला फोन लावला. बोलले, बाळा, गाळा द्यायचा नाय. तो रागावला. बोलला, आई, एका दिवसानं काय बाजार उठतो का? नाय उठत. मला काय कळत नाय? उद्या पुन्हा सगळे आपापल्या गाड्या आणून लावतील, बापूशेठची बॅटरी आली की तोही लावंल, मी ओळखते ह्यांना. पण ह्या बायका आता नाक्यावर उतरतात त्या कुणाच्या भरवशावर, तर माझ्या. मी गेले तर त्यांना विचारणारं कोण हाय? मग नितीन बोलला, निदान तोंडाला फडकं बांध दळताना. बांधते बोलले. तेवढं त्याचं ऐकते.

संपलं माझं सांगून. बाजाराचं काय व्हायचं ते होईल, मी काय तो उठवणारी कोण, माझे गुडघे चालतील तोवर डबे आणीन. तुमी लांबून आलात, ऐकून घेतलंत, तुमचं भलं होवो, पोराबाळांना सुखात ठेवा. आता उठा, एसटीची वेळ झाली, मला नाक्यावर जायचंय. आणि काय हो, बाहेर ती मोटारसायकल आडवी लावलीय ती तुमचीच ना? काढा बघू आधी.